जोरदार धक्क्याच्या रायफलवर स्कोप पक्का कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंडेनवमीच्या आसपास मला फोन येऊ लागतात. चार महिने कपाटात पडलेली रायफल पूजेसाठी बाहेर निघते, तेलपाणी होतं, मग दिवाळीआधी रेंजवर जाणं होतं आणि लक्षात येतं की गोळ्या पूर्वीच्या जागी जात नाहीत. काका, स्कोप खराब झालाय का, हा पहिला प्रश्न. दहातल्या आठ वेळा ही नेमाची दुर्बीण, म्हणजे स्कोप, ठीक असतो. बिघडलेलं असतं ते त्याला धरून ठेवणारं काम. मुंबईत राहून गेली बरीच वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या रायफलींवर हे काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे.

काम सुरू करण्याआधी काय करायचं?

मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. बोल्ट बाहेर काढून ठेवा. काडतुसं त्या खोलीत नकोत. रायफल कालच तपासली होती, हे कारण चालत नाही. मी रोज तपासतो, एकाच दिवशी तीनदा हातात घेतली तरी तीनदा तपासतो.

आणि मुंबईत राहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो: स्कोपमधून बघायला म्हणून रायफल खिडकीकडे किंवा गॅलरीकडे रोखू नका. समोरच्या इमारतीतल्या माणसाला तुमचा बोल्ट काढलेला आहे हे दिसत नाही. त्याला फक्त नळी दिसते.

गोळी झाडली की स्कोप नेमका का सरकतो?

रायफल मागे येते. स्कोपला जागेवरच राहायचं असतं. बस थांब्यावरून एकदम सुटली की उभा माणूस मागे कलंडतो, तसंच. रायफल मागे पळाली आणि स्कोप होता तिथेच राहू पाहतो, म्हणजे रायफलच्या हिशेबाने तो पुढे, नळीच्या तोंडाकडे सरकतो.

हा ओढा किती असतो ते एकदा मांडून बघा. .३७५ एच अँड एच मॅग्नम हे १९१२चं काडतूस घेऊ. साधारण सव्वाचार किलोच्या रायफलमध्ये त्याची मागे येणारी ऊर्जा ५० ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे रायफलला सुमारे ५ मीटर प्रति सेकंद वेग मिळतो, आणि तो वेग सेकंदाच्या हजाराव्या भागांत, साधारण दोन मिलिसेकंदांत येतो. ढोबळ हिशेबाने हे गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पट होतं. अर्ध्या किलोचा स्कोप त्या क्षणापुरता सव्वाशे किलोच्या पोत्यासारखा ओढतो. तोच स्कोप ९०० ग्रॅमचा असेल तर सव्वादोनशे किलो. हे ओझं स्कोपची नळी धरणाऱ्या दोन रिंगांनी आणि त्यांच्या खालच्या, रायफलवर बसणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे बेसच्या, चार बारीक स्क्रूंनी सांभाळायचं असतं.

हा आकडा डोक्यात बसला की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

मग स्क्रू अजून घट्ट आवळले तर?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान मी याच विचाराने झालेलं पाहिलंय, आणि पहिलं नुकसान माझ्या हातून झालंय. नवा स्कोप घेतला, तो पुढे सरकतोय असं दिसलं, एलन कीला पाइपाचा तुकडा लावून आवळला. रिंग उघडली तेव्हा नळकांड्यावर दोन्ही बाजूंनी चापट वळ उठले होते आणि साइड फोकसचा नॉब अडकत होता. स्कोपची नळी ॲल्युमिनियमची असते, भिंत पातळ असते. आत दुसरी नळी असते, तिला हलायला जागा लागते. बाहेरची चेपली की आतली अडखळते आणि नेमाचा नॉब क्लिक-क्लिक फिरवूनही गोळीची जागा सरकत नाही, किंवा दोन गोळ्यांनंतर सरकते.

स्क्रूचं काम दाबून धरायचं. मागेपुढे जाणारा धक्का स्क्रूने खायचा नाही, तो खायचा धातूच्या अंगाने: बेसच्या खाचेत बसलेल्या आडव्या खिळीने, रिसीव्हरमधल्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी अंगामधल्या) खोबणीने, मागच्या अडसराने. आणि रिंगमध्ये धक्का खायचा पूर्ण गोलाईभर टेकलेल्या स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागाने. योग्य ताकदीने आवळलेल्या दोन चांगल्या रिंगांची पकड वरच्या सव्वाशे किलोला पुरून उरते. ती कमी पडते तेव्हा रिंग पूर्ण टेकलेली नसते, नाहीतर मध्ये तेल असतं. दोन्हींवर इलाज आहे आणि दोन्हींत जोर लावायचा नसतो.

जोरदार धक्का म्हणजे कोणत्या रायफली?

.३०-०६ स्प्रिंगफील्डचा धक्का २५ ते ३० ज्यूलमध्ये येतो. नीट बसवलेला कोणताही बरा स्कोप तो सोसतो. .३०० विन्चेस्टर मॅग्नमपासून पुढे चुका माफ होत नाहीत. .३७५ वर सांगितलाच. .४५८ विन्चेस्टर मॅग्नम, १९५६चं काडतूस, ८० ज्यूलच्या घरात जातं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, ते योग्यच झालं, पण आजोबांच्या काळातल्या काही मोठ्या रायफली परवान्यावर घराघरांत आहेत आणि त्यांचे मालक त्या कागदी लक्ष्यावर चालवतात. आपल्या आयुध कारखान्याची .३१५ मध्यम धक्क्याची आहे. तिच्या मालकांनी इथला बेसच्या भोकांबद्दलचा प्रश्न आधी वाचावा.

माझी साधी स्प्रिंगची एअर रायफल आहे. खांद्याला धक्का जाणवतही नाही, तरी दोन स्कोप गेले. असं का?

मुंबईतून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये चाप ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल आधी मागे येते. मग पिस्टन सिलिंडरच्या टोकाला दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफलला पुढे हिसका देतो. छर्रा नळीबाहेर पडायच्या आत किंवा त्या सुमारास हे दोन्ही झटके होऊन जातात. खांद्याला ते कळत नाहीत, कारण हालचाल मिलिमीटरांत असते, पण स्कोपला हिसक्याची तीव्रता भोगावी लागते.

बंदुकीचा स्कोप एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेला असतो. त्याच्या आतल्या लेन्स त्या बाजूने टेकून धरलेल्या असतात. उलट हिसका आला की लेन्स सैल होते, क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या रेघांची फुली, फिरतो किंवा तुटतो. म्हणून .३७५वर वर्षानुवर्षं टिकलेला महाग स्कोप स्प्रिंगच्या रायफलवर शंभर छर्ऱ्यांत जाऊ शकतो. खरेदी करताना खोक्यावर स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुकानदार तोंडी हो म्हणाला एवढ्यावर जाऊ नका.

दुसरा फरक दिशेचा. पुढचा हिसका वरचढ असल्याने स्प्रिंगच्या रायफलवर माउंट, म्हणजे स्कोप धरणारी बैठक, मागे, तुमच्या डोळ्याकडे सरकतं. ११ मिलिमीटरच्या डव्हटेल, म्हणजे तिरप्या कडांच्या, खोबणीत ते नुसतं चिमटीने धरलेलं असतं. म्हणून रायफलच्या रेलवर मागच्या बाजूला भोक आहे का बघा आणि माउंटची अडसर-पिन त्या भोकात उतरवा. भोक नसेल तर माउंटच्या मागे स्वतंत्र स्टॉपर ठोकळा लावा. दोन सुट्या रिंगांपेक्षा अखंड एकसंध माउंट घ्या, त्याची पकड लांब असते.

गॅस रॅमवाल्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू असलेल्या, रायफलीही याच जातीच्या. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून हवा भरून ठेवलेल्या रायफलला, हा त्रास नाही, तिच्यात जड पिस्टनच नसतो.

बेस कोणता घेऊ? वीव्हर की पिकॅटिनी?

दोन्ही रेलचे, म्हणजे आडव्या खाचांच्या बेसचे, प्रकार; दिसायला भाऊ-भाऊ. पिकॅटिनीची मापं अमेरिकी सैन्याने १९९५मध्ये मिल-स्टँडर्ड १९१३ म्हणून ठरवून दिली: खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांत १०.०१ मिलिमीटर अंतर. वीव्हरची खाच त्याहून अरुंद, ४.५७ मिलिमीटरची, आणि अंतराला एकच नियम नाही. त्यामुळे वीव्हरची रिंग पिकॅटिनी रेलवर बसते, पण उलट बहुतेक वेळा बसत नाही. मात्र बसली म्हणून ती बरोबर आहे असं नाही. अरुंद खिळी रुंद खाचेत अर्धा मिलिमीटर खेळते, आणि धक्का बसला की ती हातोडीसारखी खाचेच्या भिंतीवर आदळते. मोठ्या रायफलवर रेल आणि रिंग दोन्ही पिकॅटिनीच घ्या, शक्य तर दोन्ही पोलादी.

ब्रनोच्या झेडकेके ६०२सारख्या रायफलींत खोबण रिसीव्हरमध्येच कोरलेली असते. तुमच्याकडे अशी रायफल असेल तर वेगळ्या बेसच्या मागे लागू नका, त्या खोबणीच्या रिंगा शोधा. बेसचे स्क्रूच नाहीत, म्हणजे ते तुटण्याची भीतीही नाही.

माझ्या जुन्या रायफलला वर भोकंच नाहीत. पाडता येतील का?

येतील, पण घरी नाही आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्येही नाही. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार त्या कामाचा परवाना असलेल्यानेच करायचा असतो. शिवाय रिसीव्हरचं पोलाद बऱ्याचदा वरून कडक केलेलं असतं. ड्रिल किंचित सरकलं तर स्कोप आयुष्यभर वाकडा बसतो.

गनस्मिथला सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगा. नेहमीचा स्क्रू ६-४८ मापाचा असतो, व्यास साडेतीन मिलिमीटर. जोरदार धक्क्याच्या रायफलीला ८-४० मापाचे पाडून मागा, व्यास ४.१७ मिलिमीटर. फरक पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी वाटतो, पण स्क्रूचं बळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे जवळपास चाळीस टक्के जास्त. ज्यांना आधीच ६-४८ची भोकं आहेत आणि आटे झिजले आहेत, त्यांनाही हाच उपाय: भोक मोठं करून नवे आटे पाडून घ्यायचे.

मुंबईच्या हवेत तेल लावलं नाही तर गंज चढतो. तेल लावलं तर स्कोप सरकतो म्हणता. करायचं काय?

वरळी, दादर, वसई, कुठेही राहा, जून ते सप्टेंबर लोखंडाला घाम फुटतोच. त्यात समुद्राचं मीठ. म्हणून आपण सढळ हाताने तेल लावतो आणि तेल झिरपत झिरपत बेसखाली आणि रिंगेत शिरतं. माझ्याकडे येणाऱ्या सरकलेल्या स्कोपांपैकी निम्म्यांच्या रिंगा उघडल्या की आत बोटाला तेल लागतं.

उपाय असा. बसवताना बेसची खालची बाजू, रिसीव्हरची वरची बाजू, रिंगेची आतली गोलाई, स्कोपची नळी आणि सगळे स्क्रू व त्यांची भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. केमिस्टकडे मिळतं. भोकात कापसाची काडी घाला, ती स्वच्छ निघेपर्यंत बदला. सगळं आवळून झाल्यावर सांध्याच्या बाहेरच्या रेषेवर थोडं मेण बोटाने भरा, गाडीच्या पॉलिशचं चालतं. मेण पाणी अडवतं आणि वाहत नाही. नंतर वर्षभर तेल फवारू नका, कापडाला लावून पुसा, आणि रिंगांच्या आजूबाजूला बोटभर जागा सोडून पुसा. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा, महिन्याने ती तापवून पुन्हा कोरडी करा.

पोलादी रिसीव्हरवर ॲल्युमिनियमचा बेस असेल तर खारट ओलाव्यात दोन धातूंमध्ये पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो. तो दिसला तर बेस काढून साफ करायलाच हवा.

खंडेनवमीच्या पूजेबद्दल एक विनंती. हळदकुंकू, अक्षता, फुलं दस्त्यावर वाहा. कुंकवाची पूड ओल्या बोटाने बेसच्या खाचेत गेली तर काढता काढता नाकी नऊ येतात. आमच्या घरी पूजेच्या वेळी स्कोपवर स्वच्छ रुमाल पांघरतो.

बसवण्याचा क्रम सांगा.

आधी दस्त्याचे, म्हणजे रिसीव्हर आणि लाकूड जोडणारे दोन स्क्रू तपासा. ते सैल असतील तर वर केलेली सगळी मेहनत वाया.

मग बेस. कोरडा, स्क्रूशिवाय रिसीव्हरवर ठेवा आणि दोन्ही टोकं आलटून पालटून दाबा. डुगडुगला तर खाली पोकळी आहे. स्क्रू आवळून ती पोकळी मिटवायला गेलात तर बेस धनुष्यासारखा वाकतो आणि त्यावरच्या दोन्ही रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होतात. पोकळी भरायची ती पोलादाचा चुरा मिसळलेल्या इपॉक्सीने, पातळ थराने. रिसीव्हरच्या बाजूला बुटाच्या पॉलिशचा हात फिरवा, म्हणजे इपॉक्सी तिथे चिकटणार नाही आणि पुढे कधी बेस निघेल. स्क्रूच्या भोकांत इपॉक्सी जाऊ देऊ नका. स्क्रू नुसते टेकवा, एक रात्र जाऊ द्या, मग काढा, पॉलिश पुसा आणि खरं आवळा.

स्क्रूची लांबीही बघा. पुढचा स्क्रू लांब पडला तर काही रायफलींत तो नळीच्या आट्यांवर किंवा बोल्टच्या अंगावर टेकतो. बाहेरून घट्ट लागतो, बेस मात्र सैल राहतो. बोल्ट घालून मागेपुढे करून बघा.

आता रिंगांचे खालचे भाग रेलवर ठेवा, एकमेकींपासून नळी देईल तितक्या दूर. क्रॉस-बोल्ट आवळण्याआधी बंदुकीवर रिंग पुढे, नळीच्या तोंडाकडे ढकला, खिळी खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत. धक्क्याच्या वेळी ती तिकडेच जाणार आहे, आधीच टेकलेली असेल तर तिला धाव घ्यायला जागा उरत नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलवर हेच उलट: मागे ढकला, अडसराला टेकवा. ही एक कृती बहुतेकांकडून राहते, आणि पहिल्या दहा गोळ्यांत झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवलेली जागा, सरकण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे.

स्कोप ठेवा. रिंगांचे वरचे भाग, म्हणजे टोप्या, सैल लावा. डोळ्याचं अंतर ठरवा, क्रॉसहेअर सरळ करा, मग टोप्यांचे स्क्रू आडवे-तिडवे, प्रत्येकी पाव-पाव फेरा देत आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. ट्युरेटचा, म्हणजे नेम फिरवायच्या नॉबांचा, फुगवटा आणि रिंग यांत दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा. फुगवट्याला रिंग टेकवून अडसर करणारे लोक भेटतात. तो धक्का मग थेट स्कोपच्या सगळ्यात नाजूक जागी जातो.

किती ताकदीने आवळायचं?

बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच. दिला नसेल तर माझ्या वहीतले आकडे असे: रिंगेच्या टोपीचे स्क्रू १.७ ते २ न्यूटन-मीटर, बेसचे ६-४८ स्क्रू साधारण २, ८-४० असतील तर ३च्या आसपास. रेलवरच्या क्रॉस-बोल्टचे आकडे ५ पासून ७ पर्यंत जातात आणि ॲल्युमिनियमला कमी लागतात, तिथे अंदाज करू नका, कागद शोधा. परदेशी कागदावर इंच-पाउंड दिलेले असतील तर ०.११३ने गुणा.

हातात हा अंदाज येत नाही. मला अजून येत नाही. टॉर्क रेंच घ्या. गाडीच्या चाकाचा नको, त्याचा सगळ्यात कमी आकडाच आपल्या जास्तीत जास्तच्या वर असतो. रेसिंग सायकलवाले २ ते १० न्यूटन-मीटरचा छोटा रेंच वापरतात, तो बेसला चालतो. टोप्यांसाठी याहून खालचा स्क्रूड्रायव्हरसारखा येतो. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत विचारत फिरलात तर मिळून जातो. तिथेच एलन की आणि टॉर्क्सचे चांगले बिट घ्या. स्कोपच्या खोक्यात मिळालेली मऊ चावी पहिल्या गोल फिरण्यात स्क्रूचं डोकं खाते.

लॉकटाइट लावायचं का?

लॉकटाइट म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद. बेसच्या स्क्रूंना हो, निळं. २४२ किंवा २४३. एक थेंब आट्यांवर, भोकात नाही. हवा नसताना ते धातूच्या सान्निध्यात सुकतं, पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात, म्हणून आदल्या दिवशी लावा. ओलं असताना ते आट्यांना घसरट करतं, त्यामुळे त्याच आकड्याला स्क्रू जास्त ताणला जातो. आकडा थोडा खाली ठेवा.

लाल नको. पुढे तो स्क्रू काढायला इतकी उष्णता लागते की शेजारच्या धातूचा रंग उडेल. निळंही हट्टाला पेटलं तर सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्याला टेकवा, मग काढा.

रिंगेच्या टोप्यांना मी काहीच लावत नाही. कोरडे, मोजून आवळलेले स्क्रू सुटत नाहीत.

राळ, कागद, सेलोटेप... ऐकलंय की रिंगेत काहीतरी घालतात?

राळ घालतात आणि ती खरंच उपयोगी आहे. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. बारीक पूड करून रिंगेच्या आत चिमूटभर, अगदी पुसट. घर्षण वाढतं आणि नळीला ओरखडा पडत नाही. .४५८सारख्यांवर मी वापरतो.

कागद, सेलोटेप, सायकलच्या ट्यूबचा तुकडा यांच्या वाटेला जाऊ नका. ते दबत राहतात, आज मोजून आवळलेला स्क्रू महिन्याने सैल झालेला असतो. आपल्या उकाड्यात टेपचा गोंद वितळून वंगणाचंच काम करतो.

लॅपिंग केलंच पाहिजे का?

लॅपिंग म्हणजे रिंगेची आतली गोलाई घासून सारखी करणं. चांगल्या कंपनीच्या, एकाच जोडीतल्या रिंगा सरळ बेसवर असतील तर नाही. सुट्या दोन बेसवर सुट्या रिंगा असतील तर बघावं लागतं. नळीच्या मापाचा, २५.४ किंवा ३० मिलिमीटरचा पोलादी दांडा, त्यावर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट, आणि सावकाश मागेपुढे. रंग उडालेला भाग म्हणजे जिथे धातू टेकतोय तो. पाऊण गोलाई चमकली की थांबा, आरशासारखं करत बसलात तर रिंग मोठी होऊन पकड जाईल. आत प्लॅस्टिकच्या वाट्या असलेल्या रिंगांना लॅपिंग करायचं नाही.

डोळ्यापासून स्कोप किती लांब?

मोठ्या रायफलवर किमान ९० मिलिमीटर, १०० असेल तर उत्तम. हे स्कोप विकत घेतानाच ठरतं, नंतर वाढवता येत नाही. बसवताना जास्तीत जास्त झूमवर ठेवून बघा, कारण बऱ्याच स्कोपांत झूम वाढवला की हे अंतर कमी होतं. आणि उभं राहून ठरवलेलं अंतर पालथं झोपून मारताना पुरत नाही, मान पुढे जाते. भुवईवर अर्धचंद्राची खूण घेऊन फिरणारे आमच्यात आहेत, टाके पडलेलेही आहेत. त्यानंतर चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय लागते, ती जखमेपेक्षा उशिरा बरी होते.

क्रॉसहेअर सरळ आहे हे दहा बाय दहाच्या खोलीत कसं बघू?

गवंड्याचा ओळंबा भिंतीवर टांगा आणि दोरीच्या मागे पेन्सिलने रेघ ओढा. रायफल स्टँडवर, रेलवर छोटी पाणसळ ठेवून आडवी समतल करा. खोलीत अंधार करा आणि स्कोपच्या डोळ्याकडच्या काचेतून टॉर्च मारा. समोरच्या भिंतीवर क्रॉसहेअरची सावली पडते. ती रेघेला समांतर होईपर्यंत स्कोप फिरवा. डोळा लावायची गरजच नाही, आणि नळी पूर्ण वेळ भिंतीकडे राहते.

जड धक्क्यासाठी कोणता स्कोप?

हलका, लांब आय रिलीफचा (डोळ्यापासून लांब ठेवता येणारा), कमी झूमचा. १ ते ४ किंवा दीड ते ५, पुढची काच लहान, म्हणजे तो खाली बसतो. उंच बसलेला स्कोप रिंगेवर तरफ लावतो. ५० मिलिमीटरच्या पुढच्या काचेचा, ६ ते २४ झूमचा किलोभर वजनाचा स्कोप .३७५वर लावायचाच असेल तर तीन रिंगा लावा, पण मी तो लावणार नाही. वर केलेला हिशेब पुन्हा बघा.

सगळं नीट केलं, तरी गोळ्या भटकतात. दोष कसा शोधू?

काहीही उघडण्याआधी नेलपॉलिश घ्या. रिंग आणि नळी यांच्यावरून, बेस आणि रिसीव्हर यांच्यावरून, स्क्रूच्या डोक्यावरून एकेक बारीक रेघ ओढा. दहा गोळ्या मारा. रेघ जिथे तुटली, तिथे हालचाल आहे. हे मी नवीन बसवणीतही नेहमी करतो.

रेघा शाबूत असतील तर लक्ष्याचा कागद वाचा. दोन वेगळे, प्रत्येकी घट्ट असे पुंजके पडत असतील तर काहीतरी दोन जागांमध्ये ये-जा करतंय, बहुधा खाचेत खेळणारी खिळी किंवा दस्ता. गोळ्या एकाच दिशेने हळूहळू सरकत असतील तर रिंगेत घसरण किंवा तापलेली नळी. चौफेर विखुरत असतील तर स्कोपच्या आत बघायची वेळ आली. एका बिंदूवर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, घ्या, वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे करत प्रत्येक ठिकाणी मारा आणि मूळ जागी परत या. पहिल्या ग्रुपवरच परत आलात तर स्कोप निर्दोष. शेवटची कसोटी म्हणजे खात्रीचा दुसरा स्कोप लावून बघणं.

आणि हो, शेवटचा संशय स्वतःवर घ्यावा. .३७५च्या सलग पंधरा गोळ्यांनंतर खांदा आपोआप आक्रसतो. एका बैठकीत सहा-सात गोळ्या पुष्कळ झाल्या.

ऑलिंपिकचे नेमबाज स्कोप का लावत नाहीत?

त्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलेला आपल्या कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळेही पीप साइटनेच, म्हणजे बारीक भोकातून बघूनच, नेम धरतो.

बसवल्यावर पुन्हा केव्हा तपासायचं?

पहिल्या पाच गोळ्यांनंतर रेंजवरच, रेंच सोबत न्या. मग वीस गोळ्यांनंतर. त्यानंतर नेलपॉलिशच्या रेघा शाबूत असतील तर स्क्रूला हात लावू नका, दर वेळी थोडं थोडं आवळत गेलं की शेवटी आटे जातात. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा रेघा भिंगातून बघा. खड्ड्यांतून गाडीने लांबचा प्रवास झाला असेल तर रेंजवर पोचल्यावर आधी कागदावर दोन गोळ्या मारून झिरो बघा, मगच पुढचं.